आमची वसईची मोहीम

भाईंदरला राहायला येऊन आम्हाला एकतीस वर्षं झाली. या काळात आम्ही सिमला पाहिला, म्हैसूर पाहिलं, एकदा तर चुकीच्या गाडीत बसल्यामुळे भुसावळही पाहिलं. पण खाडीपलीकडचा वसईचा किल्ला काही पाहिला नाही. घराजवळची गोष्ट 'कधीही' पाहता येते, आणि 'कधीही' हा वार आमच्या कालनिर्णयात अजून तरी छापलेला नाही.

खरं म्हणजे किल्ला पाहायचा होता तो आमच्या तात्यांना. तात्यांनी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वसईची लढाई ते इतकी रंगवून सांगत, की शेजारच्या वर्गातलं गणित बंद पडे. पण किल्ला त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. नोकरी घाटावर, नंतर आईचं आजारपण, नंतर आमचं "तात्या, पुढच्या रविवारी नक्की." आता तात्या चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. गुडघे बोलतात, डोळ्यांपुढे धुकं असतं, आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. सतराशे एकोणचाळीस मात्र लख्ख आठवतं.

परवा दोन दिवसांची सुटी जोडून आली. माथेरान की महाबळेश्वर यावर घरात चर्चा चालू असताना तात्या हळूच म्हणाले, "अरे, माझी दृष्टी आहे तोवर वसई होईल का?"

घरात एकदम शांतता पसरली. बंड्यानं कानातून ती वायर काढली, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. ही म्हणाली, "तात्या, उद्याच जाऊ."

"उद्या नाही. उद्या धारावी."

"धारावीला कशाला?" मी विचारलं. मला सायन स्टेशन आठवलं.

"ती नव्हे! आपली, उत्तनजवळची. धारावी घेतल्याशिवाय वसई पडत नाही."

म्हणजे तात्यांना सहल नको होती, मोहीम हवी होती, आणि तीही चिमाजीअप्पांच्या क्रमानं!

शनिवारी दुपारी आम्ही बसनं चौकला गेलो. वाटेत उत्तनला बांबूंच्या चौकटींवर बोंबील वाळत होते. हिनं नाकाला पदर लावला आणि वाळल्यावर त्यांचा भाव काय, ते मात्र त्याच पदराआडून विचारलं. चौकच्या टेकाडावर किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले आहेत, आणि अप्पांचं स्मारक आहे. पण तिथं उभं राहिलं की सारा धडा एका नजरेत कळतो. खाली खाडीचं तोंड, पलीकडे वसई. मुंबई-गोव्याकडून वसईला येणारी रसद या तोंडातून आत शिरायची. मार्च 1739 मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली आणि ही वाट आवळली.

"बाटलीचं बूच!" तात्या म्हणाले. "फळ्यावर मी नेहमी चुकीच्या जागी काढत होतो रे." हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं, की बत्तीस वर्षांचे विद्यार्थीही त्यांना माफ करतील.

रविवारी वसई. रस्त्यानं जायचं तर घोडबंदरचा वळसा, पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण फेब्रुवारी 2024 मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. तिच्यात माणसं चढतात, स्कूटर चढते, मोटारही चढते. एका कोळणीनं टोपली सरकवून तात्यांना जागा करून दिली. "आजोबा, कुठं निघालात?"

"वसई घ्यायला," तात्या म्हणाले.

"घ्या की! पण ताजी मासळी सकाळी लवकर मिळते."

पाव तासात बोट पलीकडे लागली. मार्च 1737 मध्ये ठाणं घेतल्यापासून वसई पडेपर्यंत मराठ्यांना दोन वर्षं लागली होती. आम्ही पाव तासात पोचलो, आणि तरी बंड्या म्हणाला, "बोट स्लो आहे."

किल्ल्यात आमच्याआधी एक नवरा-नवरी पोचली होती. लग्न व्हायचं होतं, फोटो आधीच चालले होते. पडक्या चर्चच्या कमानीखाली नवरी सोळा वेळा लाजली, कारण पंधरा वेळा ऊन चुकलं. दिवसही मोठे छान होते. ताडांत वारा, भिंतींना वडाच्या मुळ्या. गुजरातच्या बहादूरशहानं 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढं 205 वर्षं ती त्यांच्याकडे राहिली. इथं जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले. त्यांच्या नावाचं चर्च किल्ल्यात आहे.

"बंड्या, इथल्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी कुठं नेल्या?"

बंड्यानं मोबाइल चोळला. "नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला..."

"नाशिकची आपण पाहिली की!" ही म्हणाली. म्हणजे वसईची घंटा पाहायला आम्ही नाशिकला गेलो होतो, आणि वसई राहिली होती.

याच वसईत 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला आणि स्वातंत्र्य गहाण टाकलं. "थोरल्या बाजीरावाच्या भावानं घेतलं, आणि त्याच बाजीरावाच्या नातवानं घालवलं," असं म्हणून तात्यांनी बंड्याकडे पाहिलं. बंड्यानं मोबाइल खिशात ठेवला.

एका चर्चमध्ये जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. तात्या वाकले आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. बराच वेळ बोलले नाहीत.

"तात्या, पाय दुखतात का?"

"नाही रे. इथं कुणाची तरी आई असेल, कुणाचं पोर असेल." मग म्हणाले, "मी मुलांना सुरुंग शिकवले. सॅबेस्टियनचा बुरूज कसा उडवला ते शिकवलं. पण मे 1739 मध्ये किल्ला पडल्यावर अप्पांनी आत असलेल्यांना आठ दिवसांची मुदत दिली, त्यांना सन्मानानं, आपलं सामान घेऊन जाऊ दिलं. मागं राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळू दिला. बाहेर मराठ्यांची हजारो माणसं पडली होती, तरीही. हे मी एका ओळीत उरकायचो. परीक्षेला येत नसे ना!"

यावर मला विनोद सुचला नाही. हिनं तात्यांना पाणी दिलं आणि डब्यातली थालीपिठं काढली.

परतताना बोटीत तात्या डुलक्या घेत होते. भाईंदरचा धक्का जवळ आला तसे एकदम जागे झाले. "अरे, घोडबंदर राहिलं! ते तर सतराशे सदतीसलाच पडलं होतं. म्हणजे आपण मोहीम मधूनच सुरू केली."

"पुढच्या रविवारी..." असं माझ्या तोंडात सवयीनं आलंच होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "तात्या, किती वाजता निघायचं?"