बोगद्यातला बाजार

मोबाइलवर चौघांचा गट करून लढाईचे खेळ खेळणाऱ्या नववी-दहावीतल्या एखाद्या मुलाला विचारून पाहा, "काल तुझ्या गटात कोण कोण होते?" शाळेतला एखादा मित्र असेल तर त्याचे नाव तो सांगेल. बाकीच्यांबद्दल उत्तर येईल, "रँडम होते." म्हणजे यंत्राने कुठून तरी आणून बसवलेले अनोळखी खेळाडू. अर्धा तास त्यांनी एकमेकांचा जीव वाचवला, दारूगोळा वाटून घेतला. डाव संपला आणि गट मोडला. त्यांची पुन्हा गाठ पडण्याचा संभव जवळजवळ नाहीच. मुलाला यात काही वावगे वाटत नाही. त्याने दुसरे काही पाहिलेलेच नाही.

परंतु जाळ्यावरून अनेकांनी मिळून खेळण्याच्या खेळांना आता साडेचार दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि त्यातल्या पहिल्या निम्म्या काळात लोक तेथे खेळायला येत आणि बोलत बसत. हे बोलणे आटले कसे, हा प्रश्न आम्हांला केवळ खेळापुरता वाटत नाही. अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात ती कशामुळे, हे तपासायला इतकी सोयीची प्रयोगशाळा क्वचितच मिळते. या जगांचे नियम माणसांनी केलेले असतात आणि ते कधी बदलले याच्या तारखाही ठाऊक असतात.

सुरुवात झाली १९७८ साली, इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तेथील मोठ्या संगणकावर 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला. पुढे त्याचा मित्र रिचर्ड बार्टल याने तो पूर्ण केला. पडद्यावर चित्र मुळीच नव्हते. खोल्या, रस्ते, खजिने, सारे शब्दांत वर्णिलेले. खेळाडूने 'उत्तरेस जा', 'दिवा उचल' अशा अर्थाचे हुकूम टंकित करायचे आणि त्याच कळफलकावरून शेजारी उभ्या असलेल्या खेळाडूशी बोलायचेही. खेळणे आणि बोलणे या येथे एकाच बोटांनी करायच्या क्रिया होत्या, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस याने 'टायनीमड' लिहिला. त्यातून लढाई जवळजवळ काढूनच टाकली होती. उरले ते खोल्या बांधणे आणि गप्पा मारणे. तरीही लोक आले. बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे जे प्रसिद्ध चार प्रकार सांगितले, त्यांत मिळवणारे, धुंडाळणारे आणि मारणारे यांच्या बरोबरीने माणसांसाठीच येणाऱ्यांनाही स्वतंत्र जागा आहे.

चित्रमय जगे नंतर आली. त्यांपैकी मार्च १९९९ मध्ये निघालेल्या 'एव्हरक्वेस्ट'कडे आपण जरा सविस्तर पाहू, कारण बोलणे कशातून निपजते हे तेथे फार स्पष्ट दिसते.

या खेळात कोणी योद्धा होई, कोणी मांत्रिक, तर कोणी जखमा भरून काढणारा पुरोहित. एकट्याने राक्षसांशी लढणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. सहा जणांपर्यंतचा गट जमवावा लागे. एक-दोन लढाया झाल्या की मांत्रिकाची शक्ती संपे, आणि ती भरून येईपर्यंत त्याला काही मिनिटे खाली बसून राहावे लागे. त्यातही गंमत अशी, की सुरुवातीच्या काळात खालच्या पायऱ्यांवरचा मांत्रिक शक्ती भरून घ्यायला बसला की त्याच्या मंत्रांची पोथी उघडून समोरचे जग झाकून टाकी. वाचायला उरे ती फक्त संभाषणाची चौकट. मग तो दुसरे काय करणार? तुमच्याकडे किती वाजले, परीक्षा कधी, मुलगा झोपला का, असे बोलणे सुरू होई. एस.टी.ला तासभर उशीर झाला की थांब्यावर शेजारच्याचे गाव, नातेगोते, पीकपाणी सारे कळते, तशातलाच हा प्रकार. ही उपमा आम्ही उगाच देत नाही. या खेळात एका खंडातून दुसऱ्या खंडात जायला खरोखरच बोटीची वाट पाहत धक्क्यावर उभे राहावे लागे.

पात्र मेले तर त्याची सारी चीजवस्तू प्रेतापाशीच, म्हणजे बहुधा राक्षसांच्या गराड्यात, पडून राही. ती परत आणायला कुणाची तरी मदत मागणे आले. दूरच्या प्रवासासाठी एखाद्या ड्रुइडला गाठून, चार नाणी देऊन, मंत्राने पोहोचवून घ्यावे लागे. चांगल्या शिकारीच्या जागी गर्दी असे, तेव्हा कोणाचा नंबर कितवा याची यादी खेळाडूच ठेवत. आणि खरेदी-विक्रीसाठी खेळात सोय अपुरी होती म्हणून अनेक सर्व्हरांवरच्या खेळाडूंनी 'ईस्ट कॉमनलँड्स' नावाच्या प्रदेशातला एक बोगदा बाजार म्हणून ठरवून टाकला. खेळ रचणाऱ्यांनी तो बाजारासाठी बांधलेला नव्हता. विकणारे तेथे उभे राहून मालाची आरोळी द्यायचे, घेणारे घासाघीस करायचे, आणि कित्येक जण काही न घेता नुसतेच बसून राहायचे. आठवडी बाजारात सगळेच काही भाजी घ्यायला जात नाहीत.

यात आणखी एक गोष्ट होती. एका सर्व्हरवर एका वेळी फार तर काही हजार माणसे असत आणि तीच ती भेटत. लूट हिसकावून पळणाऱ्याचे नाव चार दिवसांत सर्वांना कळे आणि मग त्याला कोणी गटात घेत नसे. नाव सांभाळावे लागे. 'अल्टिमा ऑनलाइन'चा रचनाकार रॅफ कोस्टर याने अशा जगांविषयीचे जे आडाखे एकत्र केले होते, त्यांत एक असा आहे, की रिकामा वेळ जितका कमी तितका खेळ कमी सामाजिक.

हे सारे दुरून वाचायला गोड वाटते. पण कामावरून दमून आलेल्याला खेळायला जेमतेम तास-दीड तास मिळे, आणि तो गट जमवण्यात सरला तर त्याने काय करावे? स्वतः 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये (१९९७) नवख्यांना वाटेत गाठून ठार करणाऱ्यांचा इतका उपद्रव होता, की २००० मध्ये कंपनीने त्याच जगाची दुसरी प्रत काढली आणि तेथे परस्परसंमतीवाचून खेळाडूने खेळाडूला मारण्यास बंदी केली. बहुतेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. जुने खेळाडू मात्र अजून हळहळतात, की चोरांच्या भीतीने एकत्र राहणारी गावे त्यानंतर विस्कटली. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात.

'एव्हरक्वेस्ट'मध्येही डिसेंबर २००१ मध्ये स्वतंत्र बाजारपेठ आली. आपले पात्र तेथे मालासह बसवून ठेवायचे आणि खुशाल झोपी जायचे. घेणाऱ्याने यादीत शोधून किंमत भरायची. बोगदा ओस पडला. ऑक्टोबर २००२ च्या विस्तारात अशी ग्रंथरूपी दारे आली, की त्यांना हात लावताच कोणालाही दूरच्या प्रदेशांत जाता येऊ लागले. ड्रुइडांची उतारू वाहतूक बसली. यांतल्या एकाही बदलाचा हेतू लोकांनी बोलू नये असा नव्हता.

उलट, मुद्दाम बोलायला लावण्याचा प्रयत्नही झाला, आणि तो फार उद्बोधक आहे. २००३ च्या 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'ची रचना कोस्टरच्याच देखरेखीखाली झाली. त्यात सैनिकाचा लढाईचा थकवा जायचा तर त्याने मद्यगृहात जाऊन नर्तक-वादकांची कला पाहिलीच पाहिजे, असा नियम होता. निकोलस द्युशेनो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या मद्यगृहांचे निरीक्षण केले. कित्येक नर्तकांनी नाचण्याचे हुकूम आपोआप चालू राहतील अशी योजना करून ठेवली होती; सैनिक येत, थकवा उतरवत आणि निघून जात. माणसे सक्तीने एका खोलीत आणली, पण त्यांचे काम एक शब्दही न बोलता होत होते. आम्हांला वाटते, फरक इथेच आहे. 'एव्हरक्वेस्ट'च्या गटात न बोलता राहणे म्हणजे मरणे होते.

मग नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि २०१० पर्यंत त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले. त्यात वरच्या पायरीपर्यंत एकट्याने पोहोचता येत असे. भुयारात उतरायचे तर मात्र पाच जण हवेत: एक ढाल होऊन मार खाणारा, एक उपचार करणारा, तीन मारणारे. त्यांना जमवायला शहरात उभे राहून हाका घालाव्या लागत, ओळखीपाळखी काढाव्या लागत, मग भुयारापर्यंत चालत जावे लागे. डिसेंबर २००९ मध्ये यासाठी यंत्रच आले. एक कळ दाबायची. यंत्र निरनिराळ्या सर्व्हरांवरून पाच जण निवडून त्यांना थेट भुयाराच्या तोंडाशी उभे करी. काम झाले की जो तो आपल्या सर्व्हरवर परत. तेथे चांगले वागल्याने नाव होत नसे आणि वाईट वागल्याने जात नसे. पैसे भरून पात्राचे नाव बदलण्याची सोय तर आधीच, २००७ मध्ये, झाली होती.

जुने खेळाडू सारा दोष या यंत्रावर ठेवतात. तारखा पाहिल्या तर ते पटत नाही. 'आपापले, तरी एकत्र' अशा अर्थाच्या शीर्षकाचा द्युशेनो आणि सहकाऱ्यांचा निबंध २००६ सालचा, म्हणजे यंत्राच्या तीन वर्षे आधीचा आहे. 'वॉरक्राफ्ट'चे खेळाडू बराचसा वेळ एकटेच खेळतात, आजूबाजूचे लोक त्यांना हवे असतात ते प्रेक्षक म्हणून, तमाशा म्हणून, सोबतीची जाणीव म्हणून, असे त्यांना तेव्हाच आढळले होते. यंत्राने निवड सोपी केली. न बोलण्याची सवय आधीच लागली होती.

शिवाय बोलणे नाहीसे झाले असेही म्हणता येत नाही. ते दुसरीकडे गेले. आवाजी संभाषणाची साधने आली, २०१५ पासून 'डिस्कॉर्ड' आले. दिमित्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे दिसले, की नुसत्या टंकित मजकुरापेक्षा आवाज जोडला की एकाच मंडळातील खेळाडूंचा परस्परांवरील विश्वास आणि जिव्हाळा अधिक टिकतो. पण ही खोली बंद दाराची असते. आधीचे मित्र आत, रँडम बाहेर. त्याच विल्यम्सने कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर हिच्यासह २००६ मध्ये लिहिले होते, की हे खेळ म्हणजे घर आणि कामाची जागा यांखेरीजचे तिसरे ठिकाण आहे. आपल्याकडे ज्याला पार किंवा कट्टा म्हणतात ते. अशा ठिकाणी गाढ मैत्री होतेच असे नाही. आपल्याहून वेगळ्या माणसांशी तोंडओळख मात्र होते. जे आटले ते हे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने 'वॉरक्राफ्ट'चे जुने रूप जवळजवळ जसेच्या तसे पुन्हा चालू केले, तेव्हा इतिहासात सहसा न मिळणारी उलटतपासणीची संधी मिळाली. पहिल्या दिवसांत इतकी गर्दी झाली, की एकेका राक्षसाला मारण्यासाठी खेळाडूंनी आपण होऊन रांगा लावल्या. शहरांत पुन्हा हाका सुरू झाल्या. पण खेळाडू २००४ चे नव्हते. त्यांच्याजवळ गट शोधून देणारी जोडसाधने होती, प्रत्येक भुयाराची माहिती तोंडपाठ होती आणि कानांत मित्रांचा आवाज होता. याच मालिकेतील २००८ च्या विस्ताराचे जुने रूप २०२२ मध्ये आणताना कंपनीने गट जुळवणारे यंत्र मुद्दाम वगळले. २०२३ मध्ये ते परत घालावे लागले.

'एव्हरक्वेस्ट'च्या काही चाहत्यांनीही २००९ मध्ये १९९९ सालच्या खेळाची हुबेहूब प्रत स्वतःच्या सर्व्हरवर उभी केली, आणि २०१५ मध्ये मालक कंपनीने तिला रीतसर मान्यता दिली. तेथे नवी बाजारपेठ नाही, ग्रंथरूपी दारे नाहीत, बोटीची वाट पाहावी लागते. आणि ईस्ट कॉमनलँड्सच्या त्या बोगद्यात, आपापल्या मालाची आरोळी देत, लोक पुन्हा येऊन बसू लागले.