बाटली आडवी कुणी करायची?

मार्च लागला की भामरागडच्या जंगलात बायकापोरं भल्या पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. फुलं वेचायची, अंगणात वाळवायची. काही खायला ठेवायची, काही बाजारात विकायची आणि काहींची दारू गाळायची. इथल्या माडिया आदिवासींच्या देवाला, पितरांना, लग्नाच्या मांडवात हीच दारू लागते. गोरग्याच्या झाडाचा रस पितात, तो वेगळा. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी इथल्याच हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

इथल्या दारूबंदीची गोष्ट बहुतेक जण १९९३ पासून सांगतात. ती थोडी मागून सुरू करायला हवी. घरी गाळलेली दारू आणि परवान्याच्या दुकानातली दारू यांत फरक आहे, हे दिल्लीला आधीच कळलं होतं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला केंद्र सरकारने आदिवासी भागांसाठी अबकारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली: दारूचा व्यापार बंद करावा, पण परंपरेने गाळणाऱ्यांना स्वतःपुरती मोकळीक द्यावी. सरकारी कागदात इतकं शहाणपण क्वचितच सापडतं. दुकानं मात्र चालूच राहिली. मजुरीचा, तेंदूपत्त्याचा पैसा हातात आला की वाटेतच त्याला पाय फुटत. देवापुढे वर्षातून ठरावीक वेळा लागणारी दारू आता रोज, रोखीने मिळू लागली होती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले, त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गावोगाव बैठका होऊ लागल्या, त्यातून दारूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं. त्याचा कणा बायका होत्या. पुरुषाने प्यायलेल्या पैशाचा हिशेब शेवटी चुलीपाशीच लागतो. गावांनी ठराव केले, विकणाऱ्याला दंड ठरवले, मोर्चे काढले. १९९३ मध्ये राज्य सरकारने गडचिरोलीत दारूबंदी जाहीर केली. तोवर राज्यात गांधी-विनोबांचा वर्धा हा एकच जिल्हा कोरडा होता. वर्ध्याला त्या दोन नावांची पुण्याई होती. गडचिरोलीने ही बंदी भांडून मिळवली.

त्याच सुमारास गोदावरीच्या खाली आंध्रातही हेच घडत होतं. १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावातून बायकांचं आंदोलन पेटलं आणि राज्यभर पसरलं. १९९५ मध्ये तिथे पूर्ण दारूबंदी आली. दोनच वर्षांत ती सैल झाली.

चंद्रपूरची कथा लांबली. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार या संघटनेच्या पुढाकाराने बायका चिमूरहून पायी निघाल्या आणि हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला पोचल्या. सरकारने पालकमंत्री संजय देवतळे यांची समिती नेमली. अखेर १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर कोरडं झालं. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली असा सलग कोरडा पट्टा तयार झाला, तो सहा वर्षं टिकला. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढले, हे त्यासाठी दिलेलं कारण. कारण खोटं नव्हतं, पण अर्धं होतं: अवैध दारू वाढते तेव्हा अंमलबजावणी कुणी केली नाही, हाही प्रश्न विचारायला हवा. गडचिरोलीची बंदी उठवण्याचीही चर्चा झाली होती. तेव्हा शेकडो गावांनी ती कायम ठेवण्याचे ठराव पाठवले.

बंदी टिकली, पण जिल्हा काही बेट नाही. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर, प्राणहिता-गोदावरीपलीकडे तेलंगण, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. नदीवर पहारा किती ठेवणार? म्हणून २०१६ मध्ये शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ सुरू केला. गावागावांत संघटना, व्यसन सोडू पाहणाऱ्यांसाठी तालुक्याला क्लिनिक, आणि गावच्या बायकांनी दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा शोधून ओतून देणं. या शेवटच्या कामाला तिथे ‘अहिंसक कृती’ म्हणतात. ज्याचा सडवा गेला, त्याला ती तितकी अहिंसक वाटत नसावी.

इथेच हेमलकशाच्या परिसरातला खरा पेच सुरू होतो. बंदीच्या कायद्याला देवाची दारू आणि धंद्याची दारू सारखीच. १९९६ च्या पेसा कायद्याने मात्र अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचं नियमन करण्याचा अधिकार दिला. ‘नियमन’ या तरतुदीत पूजेपुरती मुभा आणि विक्रीला मज्जाव, असा मधला रस्ता गावाला काढता येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने, जंगल हातात घेण्याआधी दारूचा प्रश्न गावसभेत एकमताने मिटवला होता. पेसा तेव्हा जन्मायचा होता.

मुंबईतल्या निर्णयावर जीव टांगून बसलेल्यांनी मेंढ्याकडे पुरेसं पाहिलं नाही, असं वाटत राहतं.

मुक्तिपथाने दारूच्या जोडीला तंबाखूही धरला, आणि तो अधिक चिवट निघाला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा विदर्भात शाळकरी पोरांच्याही खिशात सापडतो. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, सुगंधित तंबाखूवरही आली, तरी पानठेले थाटात चालू आहेत. खर्ऱ्याला ना देवाचा आधार, ना पितरांचा. त्याच्या बाजूने बोलायला परंपराही नाही. तरी गावसभेला तो जड जातो. दारूचा ठेकेदार बाहेरचा होता, त्याच्याविरुद्ध ठराव करणं सोपं होतं. पानठेला गावातल्याच कुणाच्या तरी भावाचा नाहीतर भाच्याचा असतो, आणि दंडाची पावती फाडायला त्याच्याच आत्याला जावं लागतं.