फळ्यावरचा कोंदा

१८६७ साली भंडारा, मंडला व सिवनीकडचे मुलूख जोडून बालाघाट जिल्हा झाला. सरमिसळ जन्मापासूनचीच म्हणायची! १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. पुढे आमच्या प्राथमिक शाळेत फळ्यावर हिंदी, माझ्या घरी मराठी, शेजारच्या बाकावर पोवारी, मागे गोंडी.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सारे लाकडी बैल घेऊन आलो. गुरुजींनी ज्याच्या-त्याच्या बोलीतले नाव विचारले. ‘बैल’ हिंदी-मराठीत एकच, पोवारीतही फारसा निराळा नाही, आमचे निभावले. बैहरकडून आलेली मुलगी म्हणाली, ‘कोंदा’. वर्ग हसला. मीही हसलो. गुरुजींनी ‘बैल’शेजारी ‘कोंदा’ लिहिले आणि दिवसभर ते पुसू दिले नाही.