डेट्रॉइटची संगीतशाळा : बेरी गॉर्डी यांचे कार्य आणि त्याची मर्यादा

म. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला. तेव्हापासून आपल्या वाचकाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास परका राहिलेला नाही. तथापि या इतिहासाचे आपले वाचन बहुधा नेते, चळवळी आणि कायदे यांपुरतेच मर्यादित असते. दास्यातून सुटलेल्या माणसांच्या नातवंडांनी आपली कला बाजारात कशी नेली आणि ती विकल्यावर तिच्यावर मालकी कोणाची राहिली, हा प्रश्न आम्हांस तितकाच महत्त्वाचा वाटतो. त्या दृष्टीने गीतकार, निर्माता आणि इतर कलावंतांना घडविणारा आचार्य अशा तिन्ही नात्यांनी वावरलेल्या बेरी गॉर्डी यांचे चरित्र तपासून पाहण्याजोगे आहे.

गॉर्डी यांचे आजोबा हे जॉर्जिया राज्यातील एका गोऱ्या जमीनमालकाचे आणि त्याच्याच ताब्यातील एका गुलाम स्त्रीचे पुत्र होत. वडिलांनी १९२२ साली लाकडाचा एक मोठा व्यवहार केला. त्यात २,६०० डॉलरचा धनादेश हाती आला. एवढा पैसा एका कृष्णवर्णीयाजवळ आहे, हे गावातील गोऱ्यांस कळले तर जिवावर बेतेल, या भयाने तो वटविण्यासाठी ते उत्तरेकडे डेट्रॉइटला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. पुढे त्यांनी जे किराणा दुकान काढले त्यास बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव दिले होते. स्वावलंबनाचा हा संस्कार घेऊन बेरी यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९२९ रोजी झाला. आठ भावंडांत ते सातवे.

आरंभीची वर्षे अपयशाचीच म्हणावी लागतील. शाळा सोडून मुष्टियुद्ध, मग सैन्यात भरती व कोरियात नेमणूक, परतल्यावर जॅझ संगीताच्या तबकड्यांचे दुकान. गॉर्डी यांची आवड जॅझची, तर वस्तीतील कामगारांस हवा होता ब्लूज. दुकान बुडाले. नंतर फोर्ड कंपनीच्या लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात आठवड्याला ८६ डॉलर ४० सेंट वेतनावर त्यांनी काम धरले. असेंब्ली लाइनवर उभ्याउभ्या ते मनात गाणी रचीत. १९५७ साली जॅकी विल्सन या गायकासाठी सहकाऱ्यांसमवेत लिहिलेले 'रीट पेटीट' गाजले, पुढच्या वर्षी 'लोन्ली टीअरड्रॉप्स' त्याहून अधिक गाजले. परंतु कीर्ती आणि प्राप्ती यांत फार अंतर होते. त्यांनी घडविलेल्या 'मिरॅकल्स' या तरुण वृंदाच्या ध्वनिमुद्रणाबद्दल त्यांच्या हाती जो धनादेश पडला तो ३ डॉलर १९ सेंटांचा होता. तो पाहून त्या वृंदाचे तरुण गायक-गीतकार स्मोकी रॉबिन्सन म्हणाले की, यापेक्षा स्वतःचीच कंपनी काढावी.

भांडवल कुटुंबातूनच आले. घरातील मंडळी दरमहा काही रक्कम एका सामाईक निधीत टाकीत असत. त्यातून गॉर्डी यांनी कर्ज मागितले, तेव्हा थोरली बहीण एस्थर यांनी त्यांस रोखठोक विचारले की, एकोणतीस वर्षांचा होऊन तू आजवर काय केलेस? अखेर भावी उत्पन्न तारण म्हणून लिहून घेऊन ८०० डॉलर देण्यात आले. १२ जानेवारी १९५९ रोजी 'टॅम्ला' ही कंपनी सुरू झाली. तिचाच विस्तार म्हणजे 'मोटाउन'. मोटारींच्या शहरावरून घेतलेले हे नाव. घरच्यांनी घरच्याकडूनही कागद करून घ्यावा, यात आम्हांस कोरडेपणा दिसत नाही. ज्यांच्या पूर्वजांस करार करण्याचाच अधिकार नव्हता, त्यांनी कराराचे मोल जाणावे हे स्वाभाविकच होय.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरील २६४८ क्रमांकाचे साधे दुमजली घर त्याच वर्षी विकत घेतले गेले. वर गॉर्डी यांचे बिऱ्हाड, खाली कचेरी, मागे ध्वनिमुद्रणाची खोली. ही खोली दिवसातून बावीस तास चालू असे. कच्चा सांगाडा एका टोकाने आत जातो आणि तयार मोटार दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, हे कारखान्यातील दृश्य आपल्यापुढे आदर्श म्हणून होते, असे गॉर्डी यांनी स्वतःच सांगितले आहे. रस्त्यावरचा अनोळखी मुलगा एका दाराने यावा व कलावंत होऊन दुसऱ्या दाराने जावा!

या शाळेचे अंतरंग पाहण्यासारखे आहे. दर शुक्रवारी सकाळी बैठक भरे व नव्या गाण्यांवर मते घेतली जात. खिशात शेवटचा डॉलर असलेला भुकेला माणूस ही तबकडी घेईल की खाण्याचा पदार्थ घेईल, असा प्रश्न तेथे टाकला जाई. गाणे मोटारीतील रेडिओवर कसे वाजेल हे जोखण्यासाठी मुद्दाम तसल्याच लहानशा ध्वनिक्षेपकावर ते ऐकले जाई. १९६४ च्या सुमारास कलावंतांच्या जडणघडणीसाठी स्वतंत्र विभागच उभा राहिला. मॅक्सिन पॉवेल या बाई उठणे, बसणे, चालणे, बोलणे शिकवीत. राजेरजवाड्यांपुढे उभे राहण्याची तयारी तुम्हांस करावयाची आहे, असे त्या मुलामुलींस बजावीत. चोली अ‍ॅटकिन्स पदन्यास बसवीत, मॉरिस किंग संगीताची तालीम घेत. हे सारे गोऱ्यांचे अनुकरण होते, असा आक्षेप काही टीकाकार घेतात. आम्हांस तो पूर्णतः मान्य नाही. ज्यांस दारातच अडविले जाई, त्यांनी आत कसे जावयाचे हे शिकून घेणे म्हणजे लाचारी नव्हे. शिकविणारी माणसेही त्याच समाजातील होती, हे विसरता येत नाही.

या शिक्षणास धीर लागे. 'सुप्रीम्स' या तीन मुलींचे उदाहरण घ्यावे. शाळकरी वयात त्या आल्या, तेव्हा आधी शाळा पुरी करा म्हणून त्यांस परत पाठविले गेले. १९६१ च्या जानेवारीत करार झाला. पण पुढे तीन वर्षांहून अधिक काळ त्यांचे एकही गाणे खऱ्या अर्थाने चालले नाही, आणि घरातल्याघरात त्यांची थट्टा होऊ लागली. अन्य कंपनीने त्यांस केव्हाच निरोप दिला असता. १९६४ च्या 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' पासून मात्र त्यांची लागोपाठ पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, एकूण बारा. अंध बालक स्टीव्ही वंडर १९६१ साली अकराव्या वर्षी आला. तो दिवसचे दिवस त्या खोलीत वाद्ये हाताळीत राही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर तो खरा अंतेवासी. तेराव्या वर्षी त्याचे गाणे देशात पहिले आले.

बाहेर मात्र देश तोच होता. १९६२ च्या अखेरीस हा कलावंतसमूह बसने दक्षिणेत दौऱ्यावर गेला, तेव्हा काही नाट्यगृहांत गोऱ्या व काळ्या प्रेक्षकांमध्ये दोर बांधलेला असे. १९६६ साली 'आयली ब्रदर्स' या कृष्णवर्णीय भावांच्या एका संग्रहाच्या वेष्टनावर गोऱ्या युगुलाचे छायाचित्र छापले गेले. गॉर्डी यांनी बाजाराशी केलेली ही तडजोड आम्हांस खटकते. परंतु त्याच गॉर्डी यांनी २३ जून १९६३ रोजी डेट्रॉइटच्या पदयात्रेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी केलेले भाषण ध्वनिमुद्रित करून त्याची तबकडी प्रसिद्ध केली. पुढे 'ब्लॅक फोरम' ही खास शाखा निघाली, आणि तिने काढलेल्या किंग यांच्या व्हिएतनामविरोधी भाषणास १९७१ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गॉर्डी हे कलावंताचे निर्माते होते, त्याच्या गीतांचे प्रकाशकही तेच. त्यांच्या मुलांच्या नावांतील अक्षरांवरून प्रकाशनसंस्थेचे नाव 'जोबेट' ठेवले होते. कलावंताचा कारभार पाहणारी संस्थाही त्यांचीच. म्हणजे कलावंताच्या वतीने मालकाशी घासाघीस करावयाची ती मालकाच्याच माणसाने! ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंताच्या हिश्शातून वळता होई. कंपनीस सर्वाधिक यश देणारे हॉलंड, डोझियर व हॉलंड हे गीतकार-त्रिकूट १९६७ च्या अखेरीस काम थांबवून बसले. पुढल्या वर्षी कंपनीने त्यांच्यावर ४० लाख डॉलरचा दावा लावला, त्यांनी उलट २ कोटी २० लाखांचा. ३ डॉलर १९ सेंटांचा धनादेश पाहून ज्याने स्वतःची कंपनी काढली, त्याच्याच दारात हे घडावे, याची नोंद इतिहासकाराने घेतलीच पाहिजे. मालक आपल्यातलाच आहे एवढ्याने मालक-नोकरांतील हिशेब मिटत नाही. गॉर्डी यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे : पहिला धोका त्यांनी पत्करला होता, आणि वर्षानुवर्षे न चालणाऱ्या गायकांचा भार त्यांनीच सोसला होता.

परंतु वादकांच्या बाबतीत हा बचाव टिकत नाही. 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखला जाणारा हा मेळ जवळजवळ प्रत्येक गाण्यामागे होता. बास गिटारवर जेम्स जेमर्सन, ड्रमवर बेनी बेंजामिन, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक. रात्री शहरातील क्लबांत जॅझ वाजवावे आणि दिवसा त्या तळघरासारख्या खोलीत यावे, असा त्यांचा क्रम. गायकांस चालणे-बोलणे शिकविण्यास शिक्षक होते. वादकांचे नाव वेष्टनावर छापावयास मात्र कोणास सुचले नाही. १९७१ साली मार्विन गे यांचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' हा संग्रह निघाला, तेव्हा प्रथमच मोटाउनच्या एका मोठ्या संग्रहावर त्यांची नावे आली. त्या संग्रहाच्या शीर्षकगीतास आरंभी गॉर्डी यांचाच विरोध होता, हेही येथे नमूद करावयास हवे. बेंजामिन त्यापूर्वीच, १९६९ साली, निवर्तले होते.

१९७२ साली कंपनी लॉस एंजेलिसला गेली. एके दिवशी कामावर आलेल्या वादकांस ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या दारावर चिकटविलेल्या कागदावरून समजले की, आज काम नाही. १९८८ साली गॉर्डी यांनी कंपनी ६ कोटी १० लाख डॉलरला विकली. गीतांचे हक्क मात्र राखून ठेवले, आणि १९९७ साली त्यांतील केवळ अर्ध्या हिश्शाचे १३ कोटी २० लाख आले. गीताचे मोल तबकडीहून अधिक टिकते, हे त्यांनी विल्सनच्या दिवसांतच ओळखले होते.

२६४८ क्रमांकाच्या घराचे १९८५ साली संग्रहालय झाले. ते उभारले एस्थर यांनी, म्हणजे ८०० डॉलर देताना भावास प्रश्न विचारणाऱ्या त्याच बहिणीने. जेमर्सन १९८३ साली वारले. त्याच वर्षी कंपनीच्या पंचवीस वर्षांचा भव्य सोहळा झाला होता. त्यात ते मंचावर नव्हते. वादकांवरचा माहितीपट निघावयास २००२ साल उजाडले. त्यात हयात वादक पुन्हा एकत्र वाजविताना दिसतात, आणि जे उरले नाहीत त्यांची नावे घेतली जातात.