विकल्यानंतरचा धंदा

संगणकीय उद्योगाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणता प्रोग्राम कधी आला, कोणी लिहिला, किती खपला, एवढे सांगून तो पुढे सरकतो. पण आराखडे, नकाशे आणि पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामांच्या बाबतीत हा हिशेब अपुरा पडतो. वास्तुविशारद, मुद्रक किंवा वेबसाइटचा आराखडा काढणारा माणूस असा प्रोग्राम घेतो, तेव्हा त्याची पुढच्या कित्येक वर्षांची कामे त्या प्रोग्रामच्या फायलींत बांधली जातात. अडले तर कोणी उत्तर देईल, नवा संगणक आला तरी जुनी फाइल उघडेल, हे आश्वासनही तो किमतीत धरतो. विक्री एकदाच होते, आश्वासन मात्र वर्षानुवर्षे पाळावे लागते. त्याचा खर्च कोणी आणि कसा भरायचा, या प्रश्नाभोवतीच या क्षेत्रातील छोट्या कंपन्यांचे भवितव्य ठरत गेले.

पत्रकातून उभी राहिलेली कंपनी

१९८२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील प्रोग्रामर जॉन वॉकर यांनी ओळखीच्या प्रोग्रामरांना एक पत्रक पाठवले आणि महिनाअखेरीस त्यांना मिल व्हॅली येथील आपल्या घरी बोलावले. वैयक्तिक संगणक नुकतेच बाजारात स्थिरावत होते. अशा वेळी नोकऱ्या न सोडता, घरून काम करत, एकाच वेळी अनेक प्रोग्राम तयार करायचे आणि खपेल त्याच्यावर भर द्यायचा, अशी ही योजना होती. सर्वांनी मिळून सुमारे ५९,००० डॉलर उभे केले. तीच ऑटोडेस्क कंपनी.

कंपनीला ज्याचे नाव मिळाले तो कार्यालयीन कामकाजाचा प्रोग्राम चाललाच नाही. चालला तो माइक रिडल यांच्या ‘इंटरॅक्ट’ या रेखाटन-प्रोग्रामवरून तयार झालेला ऑटोकॅड. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात तो लोकांपुढे आला. तोवर संगणकावर नकाशे काढायचे तर हजारो डॉलरची मोठी यंत्रणा लागे. ऑटोकॅडची किंमत सुमारे हजार डॉलर होती.

किमतीइतकीच महत्त्वाची होती ती दोन धोरणे. पहिले म्हणजे डीएक्सएफ हा फाइलप्रकार. ऑटोकॅडमधली रेखाटने इतरांच्या प्रोग्रामांना वाचता यावीत यासाठी त्याची रचना जाहीर करण्यात आली. दुसरे, १९८६ मध्ये आलेली ऑटोलिस्प ही भाषा. तिच्यामुळे वापरणाऱ्यालाच प्रोग्राममध्ये आपल्या कामाच्या सोयी लिहून घेता येऊ लागल्या. पाइपांच्या जाळ्यांसाठी, घरांच्या नकाशांसाठी, यंत्रभागांसाठी अशी भर घालून विकणारे एक-दोन माणसांचे व्यवसाय त्यातून उभे राहिले. शिकवणे आणि अडचणी सोडवणे हे काम मुख्यतः विक्रेते करत. म्हणजे आश्वासनाचा भार कंपनीने एकटीने उचलला नव्हता, तो वाटून दिला होता.

याच काळात ग्राहकांशी एक संघर्षही झाला. चोरून केल्या जाणाऱ्या प्रतींना आळा घालण्यासाठी १९८६ मध्ये कंपनीने अमेरिकेतील विक्रीसाठी हार्डवेअर लॉक लावले. संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये ते लावल्याशिवाय प्रोग्राम चालेना. प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्यालाच हा जाच आहे, अशी ओरड झाली आणि अमेरिकेपुरते ते लॉक कंपनीने त्याच वर्षी मागे घेतले.

पेजमेकर आणि आपले अंक

पॉल ब्रेनर्ड यांची गोष्ट वेगळी आहे. वर्तमानपत्रांसाठी संपादन-यंत्रणा बनवणाऱ्या ॲटेक्स कंपनीत ते होते. तिचे रेडमंड येथील केंद्र बंद झाले, तेव्हा काही अभियंत्यांना सोबत घेऊन आणि स्वतःची पुंजी घालून त्यांनी १९८४ मध्ये सिॲटल येथे ऑल्डस ही कंपनी काढली. नाव घेतले ते व्हेनिसचे मुद्रक ऑल्डस मनुटियस यांचे. १९८५ मध्ये पेजमेकर आला. त्याच वर्षी ॲपलचा लेझर प्रिंटर आणि त्यातील ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही भाषा उपलब्ध झाल्याने टेबलावर पान लावून तिथेच छापून पाहणे शक्य झाले. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दही ब्रेनर्ड यांच्याच नावावर जमा आहे.

मराठी नियतकालिकांच्या जगात हा शब्द ‘डीटीपी’ म्हणून रुळला. खिळ्यांची जुळणी आणि फोटोटाइपसेटिंग मागे पडले, तेव्हा दिवाळी अंकांची पाने पेजमेकरमध्ये लागू लागली. पण पेजमेकरला देवनागरी येत नव्हती. ती उणीव भारतीय प्रोग्रामांनी भरून काढली. त्यांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी आणि सी-डॅकचे आयएसएम ही नावे जुन्या डीटीपी ऑपरेटरांच्या तोंडी अजून आहेत. श्री-लिपीसोबत येणारे लॉक हरवले की काम ठप्प होई, हा अनुभवही त्याच पिढीचा.

पुढे १९९४ मध्ये ऑल्डस ॲडोबीत विलीन झाली. ॲडोबीने १९९९ मध्ये इनडिझाइन आणले आणि २००१ मधील पेजमेकरची सातवी आवृत्ती शेवटची ठरली. मराठी अंकांचे नुकसान दुहेरी झाले. पाने पेजमेकरच्या फायलींत आणि मजकूर प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या फाँट-संकेतांत अडकला. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, तर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. छापील प्रत कपाटात सुरक्षित असताना तिचीच मूळ फाइल वाचता येऊ नये, असा हा प्रसंग आहे.

डाकेतून आलेले चेक

मोठ्या गुंतवणुकीवाचून धंदा करण्याची वेगळी वाट याच सुमारास अमेरिकेत पडली होती. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी पीसी-टॉक आणि जिम नॉफ यांनी पीसी-फाइल हे प्रोग्राम लोकांनी एकमेकांना खुशाल द्यावेत असे सांगितले. उपयोगी वाटला तर पैसे डाकेने पाठवा, एवढीच विनंती. बॉब वॉलेस यांनी पीसी-राइटच्या बाबतीत या विनंतीला व्यवहाराचे रूप दिले. प्रोग्रामची प्रत मिळवायला फारसे काही पडत नसे. नोंदणी करणाऱ्याला मात्र छापील माहितीपुस्तिका, फोनवरची मदत आणि सुधारित आवृत्ती मिळे. म्हणजे किंमत वस्तूवर नव्हती, मदतीवर होती. या पद्धतीला पुढे ‘शेअरवेअर’ म्हटले जाऊ लागले.

चित्रांच्या क्षेत्रात या वाटेने गेलेले ठळक नाव पेंट शॉप प्रो. तो लिहिणारे रॉबर्ट व्हॉइट विमानचालक होते. मिनेसोटात काढलेल्या त्यांच्या जॅस्क या कंपनीचे नावही ‘जेट्स अँड सॉफ्टवेअर कंपनी’ याचे लघुरूप होते. २००४ मध्ये ती कोरेलने घेतली. याउलट जर्मनीतील टॉर्स्टन लेम्के यांनी १९९२ मध्ये आणलेला ग्राफिककन्व्हर्टर हा प्रोग्राम कोणत्याही मोठ्या कंपनीत न जाता दशकानुदशके सुधारत राहिला.

बोलोन्यातील एकट्या माणसाचे दुकान

इंटरनेटवरून विक्री, वितरण आणि मदत हे तिन्ही एकाच माणसाला करता येतात, याचे स्वच्छ उदाहरण इटलीतील बाल्समिक हे आहे. जाकोमो ग्विलिझोनी, ज्यांना सारे ‘पेल्दी’ म्हणतात, ते सॅन फ्रान्सिस्कोत मॅक्रोमीडियात आणि ती विकली गेल्यावर ॲडोबीत प्रोग्रामर होते. ती नोकरी सोडून ते बोलोन्याला परतले आणि जून २००८ मध्ये त्यांनी ‘मॉकअप्स’ हा प्रोग्राम विक्रीला ठेवला. वेबसाइट किंवा ॲप बांधण्यापूर्वी तिच्या पडद्यांचा कच्चा आराखडा काढणे एवढेच त्याचे काम. आराखडा मुद्दाम हाताने खरडल्यासारखा दिसे, कारण सुबक चित्र पाहिले की बैठकीत चर्चा रंगांवर घसरते आणि रचनेचा प्रश्न बाजूला राहतो.

संगणकावर चालणाऱ्या आवृत्तीची किंमत ७९ डॉलर होती. त्याखेरीज कॉन्फ्लुअन्ससारख्या, कार्यालयांत आधीच रुळलेल्या प्रोग्रामांना जोडता येणारी आवृत्ती होती. दुसऱ्याच्या बाजारपेठेत आपली छोटी पाटी लावण्याचा हा मार्ग ऑटोकॅडला भर घालणाऱ्यांच्या वाटेशी जुळणारा आहे. ग्विलिझोनी यांनी बाहेरची गुंतवणूक घेतली नाही. आपल्या विक्रीचे आकडे आणि अडचणी ते उघडपणे लिहीत. ग्राहकांच्या पत्रांना सुरुवातीला तेच उत्तर देत. समाजकार्य करणाऱ्या संस्थांना प्रोग्राम फुकट देत. जाहिरातीवर न केलेला खर्च त्यांनी उत्तरे देण्यात वेळेच्या रूपाने केला, असे म्हणता येईल.

मात्र त्यांचा सारा डोलारा ॲडोबीच्या फ्लॅश आणि एअर या तंत्रांवर उभा होता. २०१७ मध्ये ॲडोबीने जाहीर केले की ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशला आधार मिळणार नाही. दिलेले आश्वासन पाळायचे तर मूळ प्रोग्राम नव्याने लिहिण्यावाचून पर्याय नव्हता, आणि जुने आराखडे नव्यात उघडणेही आवश्यक होते. बाल्समिकने ते काम केले. पण जी कंपनी आपल्या ग्राहकाला आधार देते ती स्वतः दुसऱ्या कुणाच्या आधारावर असते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

हप्त्यांचा काळ

दरम्यान बाजाराची रीत बदलली होती. २०१३ मध्ये ॲडोबीने आपले नवे प्रोग्राम केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. त्याच वर्षी सर्वांसाठी खुला झालेला फिग्मा तर ब्राउझरमध्येच चालतो. आश्वासनाचा खर्च दर महिन्याला भरायचा, हे या पद्धतीचे समर्थन आहे आणि ते निराधार नाही. एकदाच पैसे घेऊन वर्षानुवर्षे उत्तरे देणे छोट्या कंपनीला परवडत नाही. पण हप्ता थांबला की स्वतःच्याच कामापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होऊ शकते, ही ग्राहकाची भीतीही तितकीच खरी. जुने लॉक संगणकाच्या मागे दिसत तरी होते.

आज नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या खोलीतून असा व्यवसाय सुरू करणे १९८२ पेक्षा कितीतरी सोपे आहे. प्रदर्शनात टेबल मांडावे लागत नाही, विक्रेते शोधावे लागत नाहीत. न बदललेली गोष्ट एकच: विकल्यानंतरचे काम. डीएक्सएफ फायली आजही उघडतात, कारण त्यांची रचना पहिल्यापासून जाहीर होती. आपल्या नव्वदच्या दशकातील कितीतरी अंकांच्या फायली रूपांतराची खटपट केल्याशिवाय वाचता येत नाहीत. छोटी कंपनी बंद पडू शकते, विकली जाऊ शकते. आपण नसलो तरी ग्राहकाचे काम त्याच्या हाती राहील, अशी सोय तिने पहिल्याच दिवशी करून ठेवायला हवी. आणि प्रोग्राम घेणाऱ्या संपादकाने, मुद्रकाने ती आहे की नाही हे किमतीच्या आधी विचारायला हवे.