ईश्वराचा पुरावा मागणारे दोघे

डॅन ब्राऊन यांची ‘एंजल्स अँड डेमन्स’ (2000) ही कादंबरी विज्ञान आणि धर्म यांच्या झुंजीची कथा म्हणून ओळखली जाते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून पाव ग्रॅम प्रतिद्रव्य चोरीला जातं आणि व्हॅटिकनमध्ये दडवलं जातं. ते धरून ठेवणाऱ्या चुंबकीय सापळ्याची बॅटरी चोवीस तासांत संपणार असते. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भिडले की दोहोंचं वस्तुमान ऊर्जेत बदलतं, हे शास्त्र खरं. पण 1995 साली सर्नमध्ये प्रतिहायड्रोजनचे अवघे नऊ अणू तयार झाले होते. पाव ग्रॅम ही निव्वळ कल्पना. कादंबरीने गॅलिलिओशी जोडलेली इल्युमिनाटी ही गुप्त संघटनाही तशीच. त्या नावाची संघटना बव्हेरियात 1776 साली निघाली, गॅलिलिओ 1642 मध्येच वारला होता.

या चुकांवरून कादंबरी मोडीत काढणं सोपं आहे, पण तिचं खरं मर्म खुनी आणि बळी यांच्या नात्यात आहे. बळी लिओनार्डो व्हेट्रा धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. ऊर्जेतून द्रव्य घडवून बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती शक्य आहे, हे त्याला प्रयोगाने दाखवायचं असतं. खून घडवून आणणारा कामर्लेंगो, म्हणजे पोपच्या मृत्यूनंतर चर्चचा कारभार पाहणारा अधिकारी, याच प्रयोगाने हादरतो. श्रद्धेला प्रयोगाचा टेकू नको, असं त्याला मनापासून वाटतं. आणि तरीही तो करतो काय? हेलिकॉप्टरने स्फोटक आकाशात नेतो, पॅराशूटने सुखरूप उतरतो आणि जगाला चमत्कार दाखवतो. व्हेट्राने प्रयोगशाळेत जे शोधलं, तेच तो आभाळात रचतो. दोघांनाही डोळ्यांना दिसेल असा पुरावा हवा आहे.

शेवटचा घाव तर फार खोल आहे. पोपला मूल होतं, म्हणजे त्यांनी ब्रह्मचर्य मोडलं, अशा समजुतीने कामर्लेंगोने त्यांना मारलेलं असतं. ते मूल तो स्वतःच. आणि व्रत न मोडता, कृत्रिम गर्भधारणेने झालेलं. ज्या विज्ञानाचा तो द्वेष करतो, त्याच्याशिवाय तो जन्मालाच आला नसता. रहस्यकथेतल्या कलाटण्या सहसा पोकळ असतात. ही मला तशी वाटत नाही, कारण ती त्याच्या सगळ्या युक्तिवादाचा पायाच काढून घेते.

प्रत्यक्षातले धर्मगुरू-शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र मात्र या दोघांहून वेगळे होते. विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला, ही कल्पना त्यांनी 1931 मध्ये मांडली. 1951 साली एका भाषणात पोप बारावे पायस यांनी आधुनिक विश्वशास्त्राचा आधार ईश्वराच्या सृष्टिनिर्मितीला दिला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून अलग राहावा, अशी त्यांची भूमिका होती. व्हेट्राला मात्र त्या भाषणाने आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं असतं.