कापसाच्या मुलखातला दिग्दर्शक

१८५३ साली निजामाच्या अमलातून इंग्रजांकडे आलेल्या वऱ्हाडात चांदूर बाजार, अचलपूर, अमरावती ह्या पट्ट्यातील काळ्या जमिनीने पिकविलेल्या कापसाने जो पैसा आणला, त्याच्या आधाराने जे शौक रुजले, त्यांत नाटकाचा शौक अग्रगण्य होता. आणि पुण्यामुंबईकडील मंडळ्या वऱ्हाडचा दौरा सहसा चुकवीत नसत, त्याचे कारणही हेच. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभि' ज्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले, त्याच मंडळीसाठी १३ ऑगस्ट १९०६ रोजी अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनी 'ब्रह्मकुमारी' लिहिले. पुढे बोलपट आला आणि दीनानाथ मंगेशकर व चिंतामणराव कोल्हटकर ह्या मंडळीच्या धुरीणांनी चित्रपटाचा कारखाना काढला, तेव्हा १९३४ च्या 'कृष्णार्जुन युद्धा'चे दिग्दर्शन कोल्हटकरांच्या जोडीने बेडेकरांकडे आले.

चित्रपटाचे शास्त्र शिकण्यासाठी बेडेकर विलायतेस गेले. युरोपवर युद्धाचे सावट पसरलेले असताना बोटीने परतले आणि १९३९ मध्ये 'रणांगण' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा आणि मराठी चक्रधर ह्यांच्या बोटीवरील अल्पायुषी प्रेमाची ती कथा प्रसंगांची तोडणी, संवादांची काटकसर आणि दृश्यांची गती ह्या तिन्ही बाबतींत दिग्दर्शकाच्या हातची आहे.

तेच युद्ध पोलंडचे दिग्दर्शक आन्द्झेई वायदा यांनीही भोगले होते. त्यांचे लष्करी अधिकारी असलेले वडील १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेच्या हत्याकांडात मारले गेले. वूच येथील सरकारी चित्रपट विद्यालयात शिकलेल्या ह्या मुलाने वॉर्साच्या उठावावर १९५७ मध्ये 'कानाल' केला. तेथे सरकार खर्च उचलीत होते आणि सरकारची कात्रीही डोक्यावर होती. आमच्याकडे कात्री तिकीटखिडकीची होती. व्ही. शांताराम यांच्या 'शेजारी'ची (१९४१) कथा, 'रामशास्त्री'च्या (१९४४) दिग्दर्शनातील वाटा, 'लाखाराणी' (१९४५), 'अमर भूपाळी'चे (१९५१) लेखन आणि अखेर 'रुस्तम सोहराब' (१९६३) एवढी कामगिरी बेडेकरांच्या खाती जमा आहे, पण प्रभात फिल्म कंपनीसारख्या संस्थांचे भांडवल प्रेक्षकांच्या पैशावर फिरत असल्यामुळे 'रणांगण'मधील बोटीवरच्या निर्वासितांना त्या पडद्यावर आश्रय मिळणे दुरापास्त होते.

म्हणून त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब केवळ चित्रपटांच्या यादीवरून करणे न्याय्य नव्हे. 'एक झाड आणि दोन पक्षी' ह्या आत्मचरित्रास १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, १९८६ मध्ये मुंबईच्या साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्षपद दिले आणि १९९८ मध्ये ते निवर्तले. हे सन्मान लेखकाचे होते; परंतु तो लेखक दिग्दर्शनाच्या शिस्तीत घडला होता, आणि वऱ्हाडच्या ह्या दिग्दर्शकाची सर्वोत्तम कृती पाहावयाची तर चित्रपटगृहाऐवजी ग्रंथालयाची पायरी चढावी लागते.